बाईंनी तपासलेला कागद

टायपिंगच्या बाई चुका डोळ्यांनी पकडत नसत, कानांनी पकडत. रिसोडच्या जुन्या बाजारामागच्या त्या लांबट खोलीत चौदा मशिनी एकाच वेळी खडखडत असायच्या. बाई आमच्याकडे पाठ करून खिडकीशी बसलेल्या असायच्या, पुढ्यात कोणाचा तरी कागद, हातात लाल पेन. मान न वळवता त्या मधूनच म्हणायच्या, "सहा नंबर, थांब. मागं जा." सहा नंबरच्या मशिनीवर बसलेला मागं जायचा आणि तिथं खरोखर चूक सापडायची. आम्हाला वाटायचं, बाईंना काही तरी विद्या अवगत आहे. एकदा मी धीर करून विचारलंच. म्हणाल्या, "चुकीचं बटन दाबलं का बोट अडखळते. बोटाले आधी कळते रे, तुले मंग कळते." त्यानंतर मी आठवडाभर स्वतःच्या बोटांवर पाळत ठेवली आणि पूर्वीपेक्षा दुप्पट चुका केल्या.

बाईंकडे कोणाला नाव नसे, मशिनीचा नंबर असे. मी नऊ नंबर. टायपिंगची परीक्षा पास होऊन मला कैक वर्षं झाली, तहसीलसमोर माझं स्वतःचं दुकान झालं, डोक्यावरचे केस गेले, तरी बाईंसाठी मी नऊ नंबरच राहिलो. माझ्या लग्नाला आल्या तेव्हा माझ्या बायकोच्या गालावरून हात फिरवून त्या म्हणाल्या, "नऊ नंबरची बायको का तू?" बायकोचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आधीच्या आठ जणी कुठे आहेत हे तिने मला पहिल्याच दिवशी विचारलं. पुढे तीही बाईंच्या पाया पडायला लागली, आणि घरी माझ्यावर चिडली की मला नऊ नंबर म्हणायला लागली.

बाई माळ्याच्या घरच्या. गावाबाहेर त्यांच्या वडिलांचा भाजीचा मळा होता. लहानपणी पहाटे उठून कोथिंबिरीच्या, मेथीच्या जुड्या बांधायच्या आणि टोपली घेऊन बाजार गाठायचा. जुडीत एक पिवळं पान गेलं तर वडील अख्खी जुडी सोडायला लावत. बाई म्हणायच्या, कागद तपासणं मला कोणी शिकवलं नाही, ते मी मळ्यातूनच घेऊन आले. लग्न झालं, चार वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. माहेरी परत येऊन त्या अकोल्याला टायपिंग शिकून आल्या आणि त्यांनी एकेक करत चौदा मशिनी उभ्या केल्या. आमच्या भागात त्या काळी कारकून म्हणून लागलेला माणूस बाईंच्या हाताखालून गेलेला नाही असं फारसं व्हायचं नाही.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. कोणताही कागद हातात दिला की वाचायच्या आधी विचारायच्या, "कोन वाट पाहून राह्यलं याची?" परीक्षेच्या सरावाचे उतारे त्या तपासत, पण कंटाळून, गरम चहा फुंकत प्यावा तसं. एखादी म्हातारी अर्ज लिहून घ्यायला आली, की बाईंची पाठ ताठ व्हायची. मशिनीवरचा उतारा काढून तो अर्ज आमच्यापैकी कोणाला तरी टाइप करायला लावायच्या, दोनदा तपासायच्या आणि मग ज्याचा कागद त्याला समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखवायच्या. वाचून दाखवल्याशिवाय कोणाला सही करू द्यायच्या नाहीत, अंगठा तर नाहीच नाही. आम्ही कुरकुरायचो, की बाई, परीक्षा जवळ आली, उतारे राहिले. त्या म्हणायच्या, "उताऱ्याची कोनी वाट पाह्यत नाही. जो कागद कोनाले पाह्यजे, तोच कागद. बाकी सगळी कटकट."

पुढे परीक्षा कॉम्प्युटरवर गेली आणि मशिनी बंद पडल्या. बाईंची खोली शांत झाली, पण बाई बंद पडल्या नाहीत, कारण मी होतो. माझ्या दुकानात दिवसभर अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारसाचे कागद. आमच्या धंद्यात एक वाईट खोड आहे, ती कबूल करून टाकतो. नवीन अर्ज कोणी नव्यानं टाइप करत नाही. मागच्या माणसाची फाइल उघडायची, त्याचं नाव काढून याचं घालायचं, तारीख बदलायची, झालं. त्यात कधी तरी मागच्या माणसाचं काही तरी आत राहून जातं. एका हट्ट्याकट्ट्या माणसाच्या अर्जात मागच्या फाइलीतला "मयत" हा शब्द राहिला होता. बाईंनी तो कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "नऊ नंबर, ह्या मानसाले तू दुसऱ्या पॅऱ्यात मारलं अन् तिसऱ्यात पुन्हा उठोलं. त्याले एकदा इचारून त घे." तेव्हापासून रोज संध्याकाळी दुकानातले कागद बाईंकडे जात आणि सकाळी लाल गोल घेऊन परत येत. दुकानावर पाटी माझी होती, भरवसा बाईंचा होता. लोक मला सरळ विचारत, "बाईनं पाह्यला का?"

मग त्यांचे डोळे गेले. पूर्ण नाही, मधोमध गेले. डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा आजार आहे, कडेचं दिसत राहील, मधलं दिसणार नाही, आणि गेलेलं परत येणार नाही. बाईंना अंगणातलं लिंबाचं झाड दिसे, दारात आलेला माणूस दिसे, पण माणसाचा चेहरा दिसत नसे आणि कागदावर नुसता राखेचा डाग दिसे. भिंग आणून पाहिलं, मोठा दिवा लावून पाहिला. एक दिवस त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं आणि माझे कागद तसेच परत पाठवले. मी गेलो तर म्हणाल्या, आता तुझं तू पाहत जा. पुढे आठ-दहा दिवस त्या अंगणात खाटेवर बसून रस्त्यावरच्या गाड्या कोणाच्या ते आवाजावरून ओळखत बसल्या. बाईंना असं रिकामं बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला ते बघवेना.

मी वाशिमला जाऊन एक मोठा टॅब आणि त्याच्यावर लिहायचा पेन घेऊन आलो. टाइप केलेला कागद त्याच्यावर उघडायचा, दोन बोटांनी ताणायचा, अक्षर हवं तेवढं मोठं होतं. मी एक ओळ ताणली, दोन ताणली, शेवटी दोनच शब्द काचेवर मावतील एवढे ताणले, तेव्हा बाई मान तिरपी करून म्हणाल्या, "थांब. दिसलं." मग बोटानं कागद सरकवत, मान कोंबडीसारखी वाकडी करत, डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांनी पहिला अख्खा अर्ज वाचला. दोन तास लागले. चूक दिसली तिथं पेन टेकवून गोल केला. मी विचारलं, लाल रेघ दिसते ना? तेवढी बारीक रेघ काही त्यांना दिसत नव्हती. "मले दिसाची काय गरज? तुले दिसते ना? मंग झालं." फाइल त्या बंद करत आणि ती आपोआप माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर येई. मी उघडली की त्यांचे लाल गोल जागच्या जागी. मशिनीच्या काळात जसे कागदावर होते, अगदी तसेच, थोडे थरथरणारे.

त्या पेनाला चार्ज करावं लागे. एकदा केला की आठवडाभर चाले. त्याचा दिवा मुगाएवढा, तो बाईंना दिसत नसे, म्हणून ते काम माझ्याकडे होतं. दर रविवारी सकाळी मी जायचो, पेनाला वायर लावायचो, तो भरेपर्यंत बाई चहा करायच्या. भांडी त्यांच्या हाताला पाठ होती. चहा पिता पिता आठवडाभराच्या माझ्या चुकांची उजळणी व्हायची, न बघता, तोंडपाठ. टॅब आल्यावर काम हळू झालं, दिवसाला एक कागद, फार तर दोन. म्हणून मी अवघड तेवढेच पाठवायचो, आणि ज्याचा कागद त्याला बाईंच्या घरी पाठवायचो, कारण वाचून दाखवायची रीत त्यांनी सोडली नव्हती. लोक जायचेही. कोणी जाताना चार वांगी न्यायचं, कोणी हरभऱ्याचे घाटे. बाई एकेक शब्द सरकवत वाचायच्या, लोक समोर बसून ऐकायचे आणि कोणाला घाई नसायची. दोन वर्षं अशी गेली. माझ्या आयुष्यातली ती फार चांगली दोन वर्षं होती, हे तेव्हा कळलं नाही.

केनवडच्या गिरजाबाईचा कागद त्यानंतरचा. एकटी बाई, तीन एकर शेत, आणि शेतात जायची वाट शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून. त्या शेजाऱ्यानं धुरा नांगरून वाट मोडली. गिरजाबाईला रस्ता मागायचा अर्ज करायचा होता. पेरणी तोंडावर आलेली, ट्रॅक्टर शेतापर्यंत जाईना. मी नेहमीप्रमाणे मागच्या कोणाच्या तरी रस्त्याच्या अर्जावर तिचा अर्ज बसवला. ते दिवस नेमके बियाण्याच्या अनुदानाच्या ऑनलाइन अर्जांच्या शेवटच्या तारखेचे. दुकानासमोर रांग, नेट बंद, लोक घायकुतीला आलेले. रविवारीही मी दुकान बंद केलं नाही, बाईंकडे गेलो नाही. फाइल पाठवून दिली आणि सोमवारी सकाळी गिरजाबाईला म्हटलं, बाईंच्या घरी जाऊन ऐकून या. ती गेली. दुपारी फाइल माझ्याकडे आली. उघडली तर कागद स्वच्छ. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकही लाल खूण नाही.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. इतक्या वर्षांत माझ्या कागदात बाईंना एकही चूक सापडली नाही असं कधी घडलं नव्हतं. मी रांगेतल्या लोकांना सोडून बायकोला फोन केला. ती म्हणाली, पेढे आणा. आणले नाहीत, वेळ नव्हता, पण छाती फुगलेली होती. गिरजाबाई आली, मी प्रिंट काढली, तिनं अंगठा दिला आणि अर्ज तहसीलमध्ये गेला.

तीन आठवड्यांनी तो अर्ज परत आला. तिसऱ्या परिच्छेदात शेताचा गट नंबर दुसराच होता. मागच्या फाइलीतला, मागच्या माणसाचा. वर गिरजाबाईचा बरोबर, खाली त्याचा. दोन नंबर पाहून तहसीलमध्ये शेरा मारला होता, दुरुस्त करून नव्यानं दाखल करा. तोवर पेरणीचे दिवस निघून चालले होते. गिरजाबाईनं त्या साली बियाणं आणि खत डोक्यावरून, लांबच्या नाल्याकडून नेलं. मी तिला नवीन अर्ज करून दिला. चूक माझी आहे असं म्हणालो नाही, ऑफिसातून परत आला एवढंच म्हणालो. ती अंगठा देऊन गेली.

मला स्वतःच्या चुकीचं एवढं वाटलं नाही, चुका मी जन्मभर केल्या. मला बाईंचं वाटलं. गट नंबर म्हणजे अर्जाचा जीव. तो बाईंच्या नजरेतून सुटला, म्हणजे आता फक्त डोळे नाहीत, डोकंही चाललं. एकदा हे मनात बसल्यावर मला पुरावे दिसायला लागले. त्यांनी एकच गोष्ट दोनदा विचारली होती. चहात एकदा साखर घालायची राहिली होती. सत्तरी ओलांडलेल्या कोणत्याही बाईकडून होतं ते, पण मी सगळं जोडून ठेवलं. त्यांना सांगायचं मात्र धाडस झालं नाही. हे काम हाच त्यांचा श्वास, तो मी कसा काढून घेऊ? सांगितलं तर बाई कोलमडतील असं मी स्वतःला बजावलं आणि त्यांच्यावर मोठी दया करतोय असा आव आणून एक हलकट काम केलं.

मी त्यांना जुन्या फाइली पाठवायला लागलो. केव्हाच निकालात निघालेले अर्ज, दोन-दोन वर्षांपूर्वीचे, दुरुस्तीआधीचे कच्चे, फक्त वरची तारीख बदललेले. बाईंना काम मिळेल आणि कोणाचं नुकसानही होणार नाही. खरे कागद मी स्वतः तपासायचो, जमेल तसे. रविवारी जायचो, पेन चार्ज करायचो, चहा प्यायचो. लोकांना का पाठवत नाहीस म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा म्हणालो, बाई, पेरणीचे दिवस आहेत, कोणाला सवड नाही. तपासलेल्या फाइली परत येत होत्या. त्या मी उघडूनसुद्धा पाहिल्या नाहीत. उघडून करायचं काय होतं? आल्या तशा एका कोपऱ्यात टाकत गेलो.

असं दीड महिना चाललं. एका रविवारी मी वायर लावून बसलो तर बाईंनी चहा ठेवला नाही. टॅब मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"नऊ नंबर," त्या म्हणाल्या, "ह्या कागदाची कोन वाट पाहून राह्यलं?"

मी अर्जदाराचं नाव सांगितलं. म्हणालो, रोज दुकानात येऊन बसतात बिचारे.

बाई म्हणाल्या, "त्यायच्या तेरवीले मी जेवून आली, मागच्या साली. दुकानात कसे येतीन ते?"

बाईंचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. त्यांनी पेन पदरानं पुसला, त्याच्या डबीत ठेवला, डबी टॅबवर ठेवली आणि दोन्ही माझ्याकडे सरकवलं. म्हणाल्या, "मी कुठं चुकली असन त तसं सांग. सांगाची गोष्ट हाय ते."

मी म्हणालो, "नाही बाई, तुम्ही कुठं चुकल्या? काहीच नाही."

"मंग कायले खेळोलं मले?"

उत्तर होतं, पण ते त्यांच्या भल्यासाठीच गिळतोय असा माझा अजूनही समज होता. टॅब घेऊन मी परत आलो. फाटकापाशी वळून पाहिलं, तर त्या मघाच्याच जागी, मांडीवर मोकळे हात घेऊन बसलेल्या होत्या.

पुढचे रविवार मी जात राहिलो. बाई चहा देत, बायकोची चौकशी करत, भाव काय म्हणतो ते विचारत. कागदाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मला नऊ नंबर म्हणणंही त्यांनी सोडलं. माझं खरं नाव घेऊन हाक मारायला लागल्या, आणि ते परक्या माणसाचं नाव असल्यासारखं वाटायचं. थंडीच्या सुरुवातीला त्यांना खोकला धरला. वाशिमला दवाखान्यात ठेवलं, भाचा आला, मी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांना बोलवत नव्हतं. उशाशी बसलो, हात हातात घेतला. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी त्या एकमेकांवर घासत होत्या. नर्स म्हणाली, अशीच सवय आहे त्यांना. मला माहीत होतं, काचेवर अक्षर ताणायची ती सवय आहे. चौथ्या दिवशी भाच्याचा फोन आला.

तेरवी झाल्यावर दुकानात नेहमीसारखा बसलो होतो. काम सुचत नव्हतं. कोपऱ्यात टाकलेल्या त्या फाइली दिसल्या आणि कधी नव्हे त्या उघडाव्याशा वाटल्या. पहिली उघडली. लाल गोल. एक, दोन, तीन, सगळे नेमके. त्या काळी माझ्या नजरेतून सुटलेली एक चूकही त्यांनी पकडली होती. दुसरी उघडली, तशीच. कुठं तारीख चुकलेली, कुठं वडिलांचं नाव दोनदा आलेलं, एकही सुटलेलं नाही. तिसऱ्या फाइलीत शेवटी, वाकड्यातिकड्या, एकमेकांवर चढलेल्या अक्षरांत त्यांनी लिहिलं होतं, 'हा कागद आधी पाह्यल्यावानी वाटते. तपासून सांग.' म्हणजे पहिल्याच आठवड्यात त्यांना संशय आला होता आणि त्यांनी मलाच विचारलं होतं. दीड महिना त्या उत्तराची वाट पाहत होत्या. मी फाइल उघडली नव्हती.

डोकं जाग्यावर असलेल्या या बाईंच्या नजरेतून गिरजाबाईचा गट नंबर सुटला कसा, याचा मी दोन दिवस विचार केला. काही कळेना.

तिसऱ्या दिवशी गिरजाबाईच दुकानात आली. तिला रस्ता मिळाला होता, तेच सांगायला आणि बाईंसाठी वाल घेऊन. बाई गेल्याचं तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं तशी ती पायरीवर बसली आणि पदराचं टोक तोंडाला लावून रडली. मग म्हणाली, किती जीव लावून वाचून दाखवलं होतं बाईनं, एकेक शब्द. म्हणाली, "त्या नंबराचंई त्यायनं त्याच दिशी सांगतलं मले. म्हने, हा गट दुसऱ्याचा पडला, मी गोल करून राह्यली, दुकानात बदलून देतीन."

मग मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"मी कायले सांगू? बाईनं केलतं ना. मी पाह्यलं न गोल करताना, तीनदा फिरोला पेन. काचीवर लाल-गिल काही उमटलं नाही, मले वाटलं तुमच्याकडं उमटत असन."

ती गेली. वालाची पिशवी टेबलावर तशीच होती. माझ्या डोळ्यांपुढे तो सोमवार उभा राहिला आणि त्याच्या आदला रविवार, जेव्हा मी अनुदानाच्या रांगेत गुंतलो होतो आणि बाईंकडे गेलो नव्हतो. पेनाचं चार्जिंग संपलं होतं. बाईंना रेघ दिसत नव्हती, चालू पेनाचीही नाही आणि बंद पेनाचीही नाही. त्या रीतसर एकेक शब्द सरकवत गेल्या, चूक पकडली, तीनदा गोल केला, ज्याचा कागद त्याला सांगितलंही. मी मात्र कोरा कागद पाहून आधी स्वतःवर खूश झालो आणि मग त्यांना वेडं ठरवलं. त्या गर्दीच्या आठवड्यात दुसरा कागद मी पाठवलाच नव्हता, आणि पुढच्या रविवारी जाऊन मीच त्या पेनाला वायर लावली असणार आणि तो किती रिकामा आहे हे बघितलंही नसणार.

मला हे माफ करता येत नाही. चार्जिंग विसरलो त्याचं एवढं नाही, विसरतो माणूस. अर्ज परत आला त्या दिवशी मी दुकान बंद करून बाईंच्या अंगणात जायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, बाई, गिरजाबाईचा गट नंबर सुटला. त्या ताडकन म्हणाल्या असत्या, "सुटला कसा? गोल केला मी. तुया पेन पाह्य आधी." मी पेन पाहिला असता, कपाळाला हात लावला असता. बाईंनी मनसोक्त झापलं असतं, मग चहा ठेवला असता, आणि पेन भरेपर्यंत पुढचा कागद कोणाचा आहे ते विचारलं असतं. पुढचा कागद त्या दिवशी माझ्या टेबलावर तयार होता, आणि ज्याचा होता तो माणूस दुकानाच्या बाकावर बसलेला होता.